यल्लूमायचा दोर

फार वर्षांपूर्वीची हकिकत. सत्तावन्नचं बंड नुकतंच शमलं होतं आणि वऱ्हाडात आगगाडीचे रूळ अजून यायचे होते. रूळ जिथे टेकणार तिथे माणसं आधीच जाऊन बसत. बेलटाकळीच्या माळावर अशा झोपड्यांच्या दोन ओळी बसल्या. उत्तरेच्या ओळीत बंडात लढून माफीवर सुटलेले शिपाई, दक्षिणेच्या ओळीत सरकारी पलटणीतून मोकळे झालेले. एकमेकांकडे विस्तवसुद्धा मागत नसत.

यल्लूबाई वडार तिथे दगडकामाला आली होती. जन्मापासून तिचं घर म्हणजे गाढवावर लादायचं पाल. रेल्वेचा साहेब तिला म्हणाला होता, टेशन झालं तर दार असलेलं पहिलं घर तुझं. तिनं दारासाठी सागाची फळीही मिळवली होती आणि रोज कामावरून आली की तिच्यावर हात फिरवी.

पण मुलूख खारपाणाचा. इंजिनाला हवं गोडं पाणी. साहेबानं सांगितलं, पुनवेपर्यंत पाणी दाखवा, नाहीतर टेशन पुढच्या गावी. दोन्ही ओळींनी आपापल्या दारात विहिरी खणल्या. आता पाण्याची परीक्षा आपल्याकडे बायकाच करतात: चुलीवर तुरीची डाळ चढवायची, खाऱ्या पाण्यात ती शिजत नाही. सकाळी चढवलेली डाळ दिवेलागणीलाही खड्यासारखी कडक. दोन्हीकडे तेच.

यल्लूबाईला जमिनीखालचं पाणी ऐकू येई, असं म्हणतात. ती दोन्ही ओळींच्या मधोमध कान लावून आडवी झाली ती प्रहरभर उठलीच नाही. मग पदर झटकत म्हणाली, "इथं हाय. पण खाली एका ओळीचा उतरंल, दोर दुसऱ्या ओळीचा धरंल."

दक्षिणेचा तुळाजी जमादार तडकला. त्याचा धाकटा भाऊ बंडवाल्यांशी लढताना पडला होता. "या भिकनसिंगाच्या हाती दोर? म्हणजे मले जित्तं पुरणंच झालं."

"तुले पुराले इतका खोल खड्डा कायले लागते?" उत्तरेचा भिकनसिंग म्हणाला.

"एका ओळीनं खणली तर इहीर एका ओळीची होईल," यल्लूबाई शांतपणे म्हणाली, "अन् दुसरी ओळ उठून जाईल. अर्ध्या गावासाठी गाडी थांबत नाही, बाप्पा. जमत नसंल तर सांगा. मी फळी गाढवावर लादतो."

गाव वसवायचं म्हणजे असा हिशेबी माणूस लागतो. दोघांनी माना खाली घातल्या आणि काम सुरू झालं. एक दिवस हा खाली, एक दिवस तो. बोलणं एवढंच: "ओढ" आणि "सोड".

पुनवेच्या दिवशी तुळाजी साठ हात खोल उतरला होता. पहार खडकात शिरली आणि वरची कड ढासळली. दोर धरलेले बाकीचे उडी मारून बाजूला झाले. भिकनसिंग एकटा उरला. ढासळत्या कडेवर पाय रोवून त्यानं दोर मनगटाला गुंडाळला. हाताच्या तळव्यांची सालटं निघाली, दोर लाल झाला, बाजूचे ओरडत होते, पण त्यानं "सोड" हा शब्द ऐकला नाही, आणि खालून तुळाजीनं तो म्हटलाही नाही. तेवढ्यात खडक फुटला. पाणी असं उसळलं की तुळाजीला तळहातावर घेतल्यासारखं काठाशी आणून ठेवलं, असं म्हणतात.

यल्लूबाईनं त्याच पाण्यात डाळ चढवली. साहेबानं चिरूट शिलगावला. तो संपायच्या आत डाळ शिजून मऊ झाली. साहेब पळीनं डाळ खाऊन गेला आणि टेशन राहिलं.

यल्लूबाईचं घर विहिरीजवळ उभं राहिलं. तिनं स्वतःच्या हातानं सागाची फळी बसवली, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. दिवसभर तेवढंच केलं, असं म्हणतात.

आता गाड्या विजेवर धावतात, घरोघरी नळ आहेत. तरी बेलटाकळीत दरवर्षी त्या पुनवेला विहीर उपसतात. एका ओळीचा माणूस आत उतरतो, दोर दुसऱ्या ओळीचा धरतो, आणि पुढच्या वर्षी उलट. मग एकाच हंड्यात डाळ शिजते. दोर मात्र कुठल्याच ओळीत ठेवत नाहीत. तो वर्षभर यल्लूमायच्या घरात खुंटीला असतो. त्या घराला सागाचं दार आहे. कुलूप कधी लागलेलं नाही.