शिळाघराची कढई

एका राज्यात, जिथं डोंगर कूस बदलत आणि पक्षी माणसांना चारचौघांत सुनावत, शिळाघर नावाचं एक घर होतं. मायावी राजा वक्रकेतूपुढे जी गावं झुकली नाहीत, तिथल्या माणसांचे पाय त्यानं दगडाचे केले होते. तशी साठ माणसं या घरात राहत. दगड रोज तीळभर वर चढे. घर चालवणाऱ्या कुमुदेची धाकटी बहीण चंपिका तर गळ्यापर्यंत दगड झाली होती.

उतारा एकच, काढ्याचा. त्याला हवा नागराजाचा मणी, समुद्रराणीचं अमृतजल, आणि मण्याची धग सोसणारी राजाची सोन्याची कढई.

"जाते आणि मागते," कुमुदा म्हणाली.

दारावरची म्हातारी मैना खेकसली, "मागायलाच जाता मेले सगळे! मागे नागराजानं मणी दिला, वर्षात त्याची राख झाली. त्या मण्यानं कोण उठलं, हे त्याला सांगायला गेलं का कुणी? खबर पोचली नाही की दान विझतं, बाई."

कुमुदेला लाज वाटली. ती पाताळात उतरली आणि तिनं काहीच मागितलं नाही. जुन्या मण्यानं उठलेल्या अकरा जणांची नावं सांगितली. कोण नांगर धरतो, कुणाला जुळं झालं, सगळं. दुसऱ्या खेपेला नागराजानं तिला दूध दिलं. तिसऱ्या खेपेला त्यानंच विचारलं, "आता किती उरले?"

"साठ."

त्यानं मणी उतरवून तिच्या ओंजळीत ठेवला.

समुद्रराणीला ऐकायचं नव्हतं, बघायचं होतं. कुमुदेनं तिला भरतीबरोबर शिळाघराच्या खिडकीशी आणलं. राणीनं चंपिकेला पाहिलं आणि अमृतजलानं कलश भरून दिला.

राहिला राजा. एव्हाना दगड चंपिकेच्या हनुवटीला लागला होता.

"कढई ने," वक्रकेतू म्हणाला. "शिळाघराच्या दारावर माझं नाव कोर. आणि तिथली बंडखोरांची बारा पोरं बाहेर काढ."

कुमुदेचे डोळे भरून आले, पण मान वरच राहिली.

"कढई राहू द्या तुमच्याकडेच, महाराज. वडे तळा तीत!"

"बहीण जाईल तुझी."

"मग मी जन्मभर रडेन. पण माझ्या घरातलं एक पोर बाहेर जायचं नाही."

ती तडक पाताळात गेली. "मी हरले. कढई मिळाली नाही. हा तुमचा मणी," ती म्हणाली.

नागराजानं मणी तिच्याच ओंजळीत परत ठेवला. "हरल्याचं सांगायला इतक्या खाली आजवर कुणी उतरलं नव्हतं," तो म्हणाला, आणि त्यानं समुद्रराणीला निरोप धाडला. राणी आली. तिनं आपलं शिंपल्याचं सिंहासन शिळाघराच्या अंगणात उताणं ठेवलं, तीच मण्याची धग सोसणारी कढई झाली. नागराजानं खालून फूत्कारांचा जाळ लावला.

काढा आधी त्या बारा पोरांना मिळाला. चंपिकेचे ओठ दगडाचे झाले होते. कुमुदेनं थेंब थेंब ओघळू दिला. ओठ हलले.

"किती गं उशीर!" चंपिका म्हणाली. कुमुदा हमसून हमसून रडली.

साठावा माणूस उठला आणि शाप आपल्या धन्याकडे परतला. कंबरेपर्यंत दगड झालेल्या वक्रकेतूला त्याच्याच शिपायांनी शिळाघराच्या दारात आणून टाकलं.

"याला थेंब देऊ नकोस!" मैना ओरडली.

"का? आपल्याकडे अट नसते," कुमुदा म्हणाली आणि तिनं पळी बुडवली. "मुकुट काढा, महाराज, आणि तोंड उघडा."

सगळ्या राज्यादेखत राजानं मुकुट काढला.