लुयांग नदीवरची हाक

तराफा आत्ताच पलीकडे गेलाय, परत यायला अर्धा तास तरी लागेल. तोवर या नारळाच्या ओंडक्यावर बसा. पाण्यात ते दोन सिमेंटचे खांब दिसतात ना, ते अर्धवट राहिलेल्या पुलाचे. मी इथल्या शाळेत शिकवायला लागलो त्या वर्षी उभे राहिले. मी निवृत्त झालो त्यालाही आता सात वर्षं झाली. सरकारी यादीत आमचं गाव सगळ्यात खालच्या वर्गात बसतं. भात वर्षातून एकदाच पिकतं, नारळ दर वादळात आडवे होतात, आणि तरणी माणसं परदेशात. गावाचं नाव तावागान. आमच्या बोलीत तावाग म्हणजे हाक. तावागान म्हणजे हाक मारायची जागा.

हे नाव पहिल्यापासूनचं नाही. आधी गावाला काबुंगा म्हणत. स्पॅनिश अंमलातली गोष्ट आहे. नेमकं साल आता कुणालाच सांगता येत नाही, कारण चर्चची जुनी वही वाळवीने खाल्ली. त्या काळी गाव असं गरीब नव्हतं म्हणे. पलीकडचं सगळं सखल रान आबाकाचं होतं. आबाका केळीसारखाच दिसतो, पण त्याला फळासाठी कुणी लावत नाही. त्याची सोपटं सोलून धागा काढायचा, आणि त्या धाग्याचे दोर जहाजांवर जायचे. रोज सकाळी गावची माणसं तराफ्यावरून पलीकडे जात आणि संध्याकाळी धाग्याचे भारे घेऊन परत येत.

तराफा चालवणाऱ्याचं नाव दोरोतेओ. गाव त्याला तेयो म्हणे. दोन्ही काठांवरच्या झाडांना एक जाड दोर बांधलेला असे, आणि तो हाताने ओढत तेयो तराफा नेई-आणी. त्याची बायको साबिना आबाका सोलायला जायची. हातांनी फार चपळ होती, असं सांगतात. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

गावाला एकच भीती होती, समुद्रावरच्या लुटारूंची. ते शिडांच्या होड्यांतून येत, घरं जाळत आणि माणसं धरून नेऊन दूर कुठेतरी विकत. म्हणून चर्चभोवती उंच दगडी भिंत बांधलेली होती. टेकडीवर पहारेकरी असे. शिडं दिसली की तो शंख फुंकी, आणि सगळं गाव भिंतीआड जाई.

त्या दिवशी दुपारी शंख वाजला. अकरा शिडं नदीच्या मुखाकडे येत होती. पलीकडे चोवीस माणसं होती, बहुतेक बायका. तेयो तराफा सोडणार, एवढ्यात गावचा मुखिया कापितान माकारिओ धावत काठावर आला.

"तेयो, थांब. तराफा नेऊ नकोस. दोर काप."

"पलीकडे माणसं आहेत, कापितान."

"तू अर्ध्यावर असशील तेव्हा ते मुखात शिरलेले असतील. मग याच तराफ्यावरून ते गावात येतील. भिंतीआड चारशे जीव आहेत. पलीकडच्यांना रानात लपता येईल."

"पलीकडे साबिना आहे."

मुखियाने कमरेचा कोयता काढून त्याच्या हातात दिला. "माझी पोर, लुर्देसही तिकडेच आहे," तो म्हणाला.

तेयो दोराकडे वळला. त्याने दोर कापला. तराफा प्रवाहाबरोबर फिरला आणि खाली वाहत गेला.

शंख पलीकडेही ऐकू गेला होता. बायका धावत काठावर आल्या, आणि तराफा नाही असं पाहून हाका मारायला लागल्या. साबिनाचा आवाज तेयोने ओळखला. पण मुखियाचा हुकूम होता की कुणी आवाज द्यायचा नाही. गावात माणसं आहेत हे लुटारूंना कळता कामा नये. सगळे भिंतीआड बसले. हाका येतच राहिल्या. शेवटी एका म्हातारीला ते सहन होईना. ती पुटपुटत प्रार्थना म्हणायला लागली, तिच्यामागून दुसरी, मग सगळ्या बायका. देवाला ऐकू जावं म्हणून त्या म्हणत नव्हत्या, असं माझी आजी सांगायची. पलीकडचं ऐकू येऊ नये म्हणून म्हणत होत्या.

मग होड्या आल्या. शिडं फाटलेली होती. होड्यांत शस्त्रं नव्हती. म्हातारी माणसं होती, पोरं होती, कोंबड्यांच्या करंड्या होत्या. शेजारच्या बेटावरचे कोळी होते ते. पुढच्या होडीतला माणूस उभा राहून ओरडत होता, "वादळ येतंय! आमचं गाव गेलं! नदी सोडा, उंचावर चला!"

तेव्हा वारा अजून पडलेला होता. पण डोंगरात पाऊस सकाळपासूनच कोसळत असला पाहिजे, कारण सगळे काठावर धावले तोवर लुयांग गढूळ होऊन फुगली होती. कोळ्यांनी पलीकडे जायला दोन होड्या पुरात घातल्या. दोन्ही उलटल्या. माणसं कशीबशी दोरीने ओढून काढली. तेयोने कमरेला दोर बांधून तीनदा उडी घेतली, आणि तिन्ही वेळा नदीने त्याला याच काठाला आणून टाकलं. पलीकडे टेकडी नाही. ते सगळं रान तळहातासारखं सपाट आहे, तुम्ही पाहताच आहात. बायका आबाकाच्या बुंध्यांना धरून उभ्या होत्या. पाणी गुडघ्यांच्या वर आलं होतं.

आता या काठावरून सगळं गाव हाका मारत होतं. आधी गप्प बसलेली तीच माणसं एकेकीचं नाव घेऊन ओरडत होती. पलीकडून उत्तरं येत होती. लुर्देसने बापाच्या हाकेला दोनदा ओ दिली, असं सांगतात. तिसऱ्यांदा दिली नाही.

साबिनाने मात्र ओ दिली नाही. तिने विचारलं, "तेयो, दोर तुटला का रे?"

मुखियाचा कोयता अजून तेयोच्या कमरेलाच होता.

"हो," तो ओरडला. "तुटला. मी येतोच आहे."

"बरं," ती म्हणाली. "थांबते."

त्यानंतर वारा सुटला, आणि त्यात कुणाचंच काही ऐकू आलं नाही.

चोवीसांपैकी एकही माणूस सापडला नाही. आबाकाचं रान वाळूखाली गेलं. पुढे पुन्हा लावला तरी तो कधी नीट धरला नाही, आणि गावाला जी गरिबी आली ती तेव्हापासून, असं जुनी माणसं म्हणत. मुखियाने पद सोडलं. तेयोने नवा तराफा बांधला आणि मरेपर्यंत चालवला. पलीकडून कुणीही, कधीही हाक मारली तरी तो ओ द्यायचा. पूर असला आणि जाता येत नसलं, तर काठावर उभा राहून स्पष्ट सांगायचा, "आज येत नाही!" लोकांनी त्याला विचारलं, एवढं ओरडून कशाला सांगतोस, त्यांना पाणी दिसतंच की. तो म्हणाला, "दोर कापला त्याची माफी मी देवाकडे मागतो. पण तिने सरळ विचारलं आणि मी खोटं सांगितलं. मी येऊ शकत नाही हे कळलं असतं, तर ती निदान एखाद्या झाडावर चढली असती. ती माझी वाट बघत उभी राहिली."

तो गेला तेव्हा गावाने चर्चमध्ये शपथ घेतली. हाकेला उत्तर द्यायचं, आणि खरं द्यायचं. गावाचं नाव बदललं ते तेव्हा.

आजही आमच्याकडे ही रीत आहे. आता हाका नदीवरून कमी येतात. कुवेत, हाँगकाँग, सौदी, सगळीकडे आमची मुलं आहेत, घरकामाला, जहाजांवर, इस्पितळांत. शेजारच्या गावांतली मुलं आईला फोनवर सांगतात, नाताळला येतो गं, नक्की येतो. आई आनंदात राहते, डिसेंबरपर्यंत तरी. आमची मुलं असं सांगत नाहीत. परवा रविवारी माझ्या मुलीचा, रेमेदियोसचा फोन आला. जाऊन नऊ वर्षं झाली तिला. मी विचारलं, "या वर्षी येणार का?"

ती म्हणाली, "नाही, बाबा. येत नाही."

"बरं," मी म्हणालो. रीत आम्हीच शिकवली आहे तिला.