मूठभर कण्यांचं वारूळ

माळावर माणसाचं पाऊलही पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. नागाला आणखी एक वारूळ हवं झालं. बळकावलं असं कुणी म्हणू नये म्हणून किंमत ठरवायला त्याने घोरपडीला आणलं.

थोरली मुंगी तिला हौसेने सगळं दाखवू लागली. पाऊस शिरणार नाही अशा वाटा, धान्याची कोठारं, पिल्लांच्या उबदार खोल्या. घोरपडीने आत डोकंसुद्धा घातलं नाही.

"शेजारचं वारूळ मूठभर कण्यांना गेलं. याचीही किंमत तेवढीच."

"अहो घोरपडबाई, त्यांच्या दारात हाच नाग बसला होता! मिळेल ते घेऊन जीव वाचवला त्यांनी."

"का विकलं ते मी बघत नाही. केवढ्याला विकलं, ते बघते."

नागाने फणा काढला. अंडी तोंडात धरून मुंग्या निघाल्या.

पुढच्या वारुळापाशी घोरपड आधीच पोचली होती. "शेजारचं आजच मूठभर कण्यांना गेलं," ती तिथल्या मुंग्यांना सांगत होती.

त्या मुंग्या थोरलीवर उसळल्या. "इतक्या स्वस्तात दिलंत? तुमच्यापायी आमचंही मातीमोल झालं!"

थोरलीच्या तोंडात अंडं होतं. बोलायचं तर ते खाली ठेवावं लागलं असतं, आणि ठेवायला तिला आता जागा नव्हती.