मागच्या सीटवरचा चष्मा

"...ते सगळे खरे, उस्ताद. पण दोहोंत सरस कोणती, ते सांगा ना!"

रणधीर जाचकने हा प्रश्न दुपारपासून तिसऱ्यांदा विचारला.

समोर दोन गाड्या उभ्या होत्या. कारखाना एक, इंजिन एक. एक चार दारांची सेडान, अंगाने लांब. दुसरी दोन दारांची कूपे, आखूड आणि बुटकी.

उस्ताद दस्तगीर मुलाणी बाकावर बसून चष्मा पुसत होते.

"तुझे मत काय?"

"सेडान सरळ रस्त्याला ठाम. करकचून ब्रेक दाबला तरी डगमगत नाही. पण वळणात तिला दोनदा सांगावे लागते. कूपे एका शब्दात वळते. मात्र वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलला, की तिची शेपटी बाहेर जाते."

"आणि घड्याळ काय म्हणते?"

"फेरीला सेडान एकशे नऊ सेकंद. कूपे एकशे आठ."

"मग कूपे सरस. मला कशाला विचारतोस?"

रणधीरचे तेवढ्याने समाधान नव्हते. गेल्या वर्षी जिंकणाऱ्याने एकशे सात सेकंदांत फेरी पुरी केली होती.

सोलापूरकडच्या माळावर विमानांची एक जुनी धावपट्टी होती. तिला वळणे जोडून शर्यतीचा मार्ग केला होता. रविवारी तेथे हंगामाची अखेरची शर्यत होती. रणधीर ती हरला, तर संघातील त्याची जागा दुसऱ्यास द्यावयाची, असे त्याला लेखी कळविण्यात आले होते. दोहोंपैकी कोणती गाडी घेणार, हे आज पाच वाजेपर्यंत संघाच्या व्यवस्थापकांना सांगावयाचे होते. त्यानंतर बदल नव्हता.

उस्ताद स्वतः कधी शर्यतीत उतरले नव्हते. कोकणातून घाट चढून मिरजेपर्यंत त्यांनी एकतीस वर्षे रुग्णवाहिका चालविली होती. निवृत्तीनंतर शर्यतीची मुले त्यांच्याकडे येऊ लागली. ती का येतात, हे रणधीरला उमगले नव्हते. त्याला संघाने पाठविले होते.

"राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुम्ही रुग्णवाहिकेचे चालक. तुम्हाला सेडान काय आणि कूपे काय!"

उस्ताद हसले.

"खरे आहे. माझी गाडी म्हणजे चाकांवरचे कपाट."

"मग वेगाचे तुम्हाला कसे कळत असे?"

"मागून कळे. मागचा रुग्ण कण्हला, तर माझी चूक. मागचा वाटेत गेला, तरी माझीच चूक. या दोहोंच्या मध्ये जेवढी जागा उरे... तेवढा माझा वेग."

रणधीरने घड्याळाकडे पाहिले. साडेतीन वाजले होते.

उस्ताद उठले. सेडानच्या पुढच्या डाव्या टायरवर त्यांनी तळहात ठेवला, मग कूपेच्या. दोन्ही टायर बाहेरच्या कडेला सारखेच सोलवटले होते.

"गाड्या दोन," ते म्हणाले, "आणि जखम एक."

"वळणात जोर लावावाच लागतो, उस्ताद."

"हं... हेल्मेट दे."

"कोणाला?"

"मला."

उस्तादांनी सेडानचे मागचे दार उघडले, आत बसले आणि पट्टा बांधून घेतला.

"वय पंचाहत्तर. मणक्यात दोन खिळे. आता सांगतो ते ऐक. पूर्ण वेगाने ने. पण तू ब्रेकवर पाय कधी ठेवलास आणि कधी काढलास, हे माझ्या पाठीला कळता कामा नये."

"दोन्ही एकदम कसे होईल?"

उस्तादांनी डोळे मिटले.

रणधीरने गाडी सोडली. पहिल्या वळणाआधी त्याने नेहमीपेक्षा थोडा लवकर, हलक्या पायाने ब्रेक दाबला. लोण्यातून केस काढावा तसे स्टिअरिंग फिरविले. मागे काही हालचाल झाली नाही. दुसऱ्या वळणात त्याला टायरचा आवाज ऐकू आला नाही, तेव्हा तो मनातून वरमला. ही फेरी मंदच जाणार, असे त्याने धरून टाकले.

आरंभरेषेवर धावपट्टीचा एक सांधा होता. तो पाठीला लागताच उस्तादांनी मिटल्या डोळ्यांनी हातातील घड्याळाची कळ दाबली.

"किती?" रणधीरने गाडी थांबवून विचारले.

"एकशे सात."

"शक्य नाही! गाडीत तुमचे वजन वाढले. मी तर सावकाश चालविली."

"तुला सावकाश वाटली."

"घड्याळ चुकले असेल."

"मग पुन्हा ने."

पुन्हा नेली. पुन्हा एकशे सात.

रणधीर खाली उतरला. त्याचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे सेडानच! लांब गाडी, वजन सावकाश सरकते. मी उगीच कूपेच्या मागे लागलो. फोन करून टाकतो."

"आणि ती?" उस्तादांनी कूपेकडे बोट दाखविले. "तिने काय पाप केले?"

कूपेच्या मागच्या सीटवर उस्तादांना काही केल्या बसता येईना. एक गुडघा आत गेला, तर दुसरा दाराबाहेर राही.

"ही सीट कोणासाठी केली आहे रे? मांजरासाठी?"

रणधीरला हसू आले. दुपारपासून प्रथमच.

उस्तादांनी गुडघा सोडवून घेतला. मग डोळ्यांवरचा चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि तो मागच्या सीटवर मधोमध ठेवला.

"याला घर नाही?" रणधीरने विचारले.

"आहे. खोलीवर राहिले. काचा गेल्याच आठवड्यात घातल्या आहेत. चष्म्यावाचून मला स्वतःचा हात दिसत नाही. जा."

रणधीर गेला.

परतला तेव्हा उस्ताद रेषेजवळ घड्याळ डोळ्यांसमोर धरून उभे होते.

"गाडी कानाने ओळखली आणि कळ दाबली," ते म्हणाले. "आकडा तू वाच."

रणधीरने वाचला. मग पुन्हा वाचला.

"एकशे सहा..."

"आणि चष्मा?"

रणधीर धावत मागे गेला. चष्मा ठेवला तेथेच होता. तो त्याने दोन्ही हातांनी आणून दिला.

"उस्ताद, म्हणजे कूपेच सरस! एका सेकंदाने!"

"आधीही एकाच सेकंदाने होती. मी कुठे नाही म्हटले?"

रणधीरची नजर मार्गावर खिळली होती.

"चष्मा सांभाळत एकशे सहा, तर मोकळ्या हाताने किती? एकशे चार कुठे गेले नाहीत! आणखी एक फेरी घेतो."

"घे की."

या खेपेला टायरांचा आवाज माळभर झाला. तिसऱ्या वळणावर कूपेची शेपटी बाहेर गेली. रणधीरने ती झटक्याने सावरली. रेषा ओलांडून गाडी थांबली, तेव्हा रबराचा करपट वास दोघांनाही आला.

चष्मा आता उस्तादांच्या डोळ्यांवर होता. आकडा त्यांनी स्वतः वाचला. मग घड्याळ रणधीरपुढे धरले.

एकशे आठ.

रणधीर गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूला जाऊन उकिडवा बसला आणि टायरच्या बाहेरच्या कडेवर त्याने स्वतःचा तळहात ठेवला. रबर तापले होते. तरी त्याने हात काढला नाही.

पाचला पाच मिनिटे असताना फोन वाजला.

"जाचक, ठरले का?" व्यवस्थापकांचा आवाज उस्तादांपर्यंत येत होता. "सेडान की कूपे?"

"कूपे."

"नक्की? मागाहून तक्रार नको हं. हरलास तर गाडीवर ढकलू नकोस."

"नाही ढकलणार."

फोन खिशात गेला. उस्ताद बाकावर जाऊन बसले. रणधीर त्यांच्यासमोर खाली, जमिनीवर बसला. बाकावर जागा होती, तरीही.

"उस्ताद..."

"बोल, बाळ."

"एक अडचण आहे. शर्यतीच्या दिवशी वजन कमी व्हावे म्हणून मागची सीट काढून टाकतात. नुसता पत्रा उरतो. चष्मा कशावर ठेवू?"

"सीट काढतात?"

"हो. मागे सगळे रिकामे."

उस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढविला.

"मग तर बरेच झाले... मागच्या रुग्णाला आडवे पडता येईल."