ओवाळणीचं खुराडं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव कोणत्या राजाच्या मुलखात होतं हेही आता कोणाला सांगता येत नाही. त्या गावात एक सुतार राहत होता. हातात कसब आणि नाकाच्या शेंड्यावर राग, अशी त्याची ख्याती.

त्याच्या परसात एक खेळघर होतं. मुलगा चार वर्षांचा असताना त्यानं ते सागाच्या लाकडात घडवलं होतं. चार खांब, वर बसायला माळा, चढायला शिडी, उतरायला गुळगुळीत घसरगुंडी, बाजूला झोका. माळ्याखाली लाकडी गज लावलेली एक बुटकी खोली होती, दुकान-दुकान खेळायला. असं खेळघर राजाच्या नातवालाही मिळालं नसेल, असं गावकरी म्हणत, आणि सुताराला ते ऐकायला फार गोड लागे.

पुढे बायको वारली. मुलगा मोठा झाला आणि एके दिवशी दूरच्या शहरात निघून गेला तो गेलाच. बारा वर्षं झाली. खेळघर मात्र जागच्या जागी. सुतार सणासुदीला त्याला तेल द्यायचा, रोज सकाळी फडक्यानं पुसायचा, आणि शेजारचं एखादं पोर कुंपण ओलांडून झोक्यापाशी आलं की काठी घेऊन धावायचा.

आता तुम्ही म्हणाल, बापाची माया आहे ती. असेल. मला मात्र असल्या मायेचा संताप येतो. बारा वर्षं ऊन-पाऊस सोसत एवढं लाकूड उभं राहिलं, आणि उपयोग कुणाला? पोरांना नाही, थोरांना नाही. चिमणी बसली तरी हा तिला हुसकून लावायचा.

अशा या सुताराकडे त्याची धाकटी बहीण राहायला आली. नवरा गेला आणि चार महिन्यांत सासरच्यांनी तिला माहेरची वाट दाखवली. येताना तिनं आपल्या आठ कोंबड्या आणि एक कोंबडा तेवढा सोबत आणला. भावानं तिला जागा दिली, जेवू घातलं, एक दिवस उपाशी ठेवलं नाही. फक्त दिवसातून दहादा "माझ्या घरात" म्हणायचा. "माझ्या घरात असं चालत नाही." "माझ्या घरात भांडी अशी पालथी घालत नाहीत." बहीण मान खाली घालून ऐकायची आणि मनाशी म्हणायची, वीस कोंबड्या होऊ देत, मग मी माझी वेगळी चूल मांडीन.

पण वीस व्हायच्या कशा? कोंबड्या ती डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपल्याखाली झाकून ठेवायची. एकदा कोल्ह्यानं डालगं उलथलं आणि दोन पळवल्या. सहा उरल्या. त्यातली एखादी अंड्यांवर बसायची म्हटली, तर तिला तीन आठवडे निवांत बसता येईल अशी जागाच नव्हती. आणि परसात ते खेळघर रिकामं उभं होतं.

दिवाळी आली. भाऊबीजेला बहिणीनं पाट मांडला, भावाला ओवाळलं. त्यानं नव्या लुगड्याची घडी ताटात ठेवायला हात पुढे केला, तशी ती म्हणाली, "दादा, लुगडं नको मला. ते खेळघर दे. त्याचं मी खुराडं करते."

सुताराचा हात तसाच अधांतरी राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओवाळून घेतलेल्या भावानं पाटावर बसून "नाही" म्हणायची रीत त्या गावात नव्हती, आणि दारात दोन शेजारणी उभ्या होत्या.

"घे," तो म्हणाला. "दिलं. पण खिळा ठोकायचा नाही, करवत लावायची नाही, शेणामातीचा हात फिरवायचा नाही. आहे तसं राहिलं पाहिजे."

"अरे, गजांमधून माझी मूठ जाते, दादा! मधे पट्ट्या ठोकल्याशिवाय तिथं कोंबडी राहील कशी?"

"ते तुझं तू बघ. लाकूड माझ्या हातचं आहे."

ऐकलंत? दिलं म्हणाला, आणि त्याच दमात माझं म्हणाला. तिथंच त्याला कुणीतरी धरून विचारायला हवं होतं, की बाबा रे, नक्की काय दिलंस? पण शेजारणी फराळाचं घेऊन आपापल्या घरी गेल्या.

बहिणीनं अंडी देऊन बुरुडाकडून बांबूचे विणलेले तट्टे आणले. गजांभोवती ते काथ्यानं बांधले, घसरगुंडीच्या तोंडाशी गोणपाट लावलं, आत भाताचा पेंढा अंथरला. संध्याकाळी सुतार येऊन पाहणी करायचा. "गाठ सैल कर, खांबाला वळ पडतोय." ती सैल करायची. "तो तट्टा वर उचल, खाली घासतोय." ती उचलायची. दिलेल्या वस्तूभोवती देणारा असा रोज घिरट्या घालत होता.

थोड्याच दिवसांत तांबडी कोंबडी खुडूक झाली. बहिणीनं तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. कोंबडी जी बसली ती दाणापाण्यापुरती उठायची, की पुन्हा जागेवर. एकोणिसाव्या दिवशी बहिणीनं एक अंडं कानाशी धरलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"दादा, पिल्लं आतून बोलायला लागली! परवा बाहेर येतील."

"वर माळ्यावर कोंबडा घाण करतो, ते बघ आधी," सुतार म्हणाला.

त्या दिवशी शेजारच्या गावचा बाजार होता. उरलेल्या कोंबड्यांची अंडी टोपलीत घेऊन ती निघाली. निघताना म्हणाली, "दुपारपर्यंत येते. तांबडीकडे तेवढं लक्ष असू दे."

"जा, जा. आहे मी," तो म्हणाला.

ती वळणाआड गेली आणि सुतार परसात आला. माळा पांढरा झाला होता. माळ्याच्या फटींतून ओघळ गजांवर उतरले होते. ज्या सागाला त्यानं बारा वर्षं तेल पाजलं, त्यावर कोंबड्याची विष्ठा! तो इतका भडकला, की कोंबड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. त्यानं तट्टे सोडले, घागरभर पाणी आणलं आणि नारळाच्या किशीनं एकेक गज घासून काढला. आत तांबडी पिसं फुलवून गुरगुरत होती. तिच्या पिसांवर पाणी उडालं, पण ती उठली नाही.

घासून झाल्यावर त्यानं तट्टा उचलला, आणि तसाच थांबला. ओलं लाकूड झाकलं तर बुरशी धरतं, काळं पडतं. हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. लाकडाला वारा हवा. त्यानं तट्टे कुंपणाला टेकवून ठेवले आणि पुढच्या पडवीत जाऊन चौकटीला रंधा मारत बसला.

आत कोंबडी आहे हे त्याला माहीत नव्हतं का? होतं. पण त्याच्या डोक्यात लाकूड होतं.

रंध्याच्या आवाजात त्याला पहिला कलकलाट ऐकू आला नाही. दुसरा आला, तेव्हा तो पुटपुटला, "झालं, पुन्हा घाण." तिसऱ्यांदा मात्र तो रंधा हातात घेऊनच धावला.

बाकीच्या कोंबड्या कुंपणावर, छपरावर, जिथं जागा मिळेल तिथं चढल्या होत्या. तांबडी तेवढी जागची हलली नव्हती. ती अंड्यांवरच मान टाकून पडली होती, आणि तिच्याखाली एकही अंडं धड उरलं नव्हतं. दोन गजांमधून एक मुंगूस अंग न घासता बाहेर आलं.

सुतारानं रंधा भिरकावला. तो लागला खांबाला. मुंगूस कुंपणापाशी जाऊन थांबलं. त्या काळी जनावरं माणसांशी बोलत. क्वचित, पण तोंडावर.

"माझ्यावर कशाला फेकतोस?" मुंगूस म्हणालं. "उघडं दिसलं, मी आत गेलो. मला भूक होती. आत जीव आहेत हे ठाऊक असून तू तट्टे सोडलेस. तुला काय झालं होतं?"

सुतार आणखी चिडला. मुंगसाला शिव्या घालून झाल्या, कोंबड्याला घालून झाल्या. तेवढ्यात बहीण आली.

तिनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. तांबडीकडे पाहिलं. कवचं पाहिली. कुंपणाला नीट टेकवलेले तट्टे पाहिले, आणि गजांवरून हात फिरवला.

"लाकूड वाळलं का, दादा?" तिनं विचारलं.

"मी काय मुद्दाम केलं? घाण झाली होती, धुतलं. ओलं झाकलं असतं तर काळं पडलं असतं. तुला लाकडातलं काय कळतं? आणि माझ्या घरात राहून माझ्यावर डोळे वटारतेस? आणून देतो तुला दुसरी कोंबडी!"

त्या बाईनं आजवर भावापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी तिचा आवाज चार घरं ओलांडून गेला.

"नको मला तुझी कोंबडी! अरे, तीन आठवडे ती मुकी बाई जागची उठली नाही, आणि तुला घटकाभर तट्टा धरवला नाही? मी आंधळी नाही, दादा. तुझं पोर सात वर्षांचं होतं. गोफण अडकवायला त्यानं या खांबात एक खिळा ठोकला, आणि तू त्याच्या हातावर छडी मोडलीस. मी माहेरपणाला आले होते, या डोळ्यांनी बघितलंय. त्यानंतर ते पोर कधी या झोक्यावर बसलं का, सांग! खेळघर त्याचं कधी नव्हतंच. तुझंच होतं. त्याला तू नुसतं बसायला दिलं होतंस, आणि मलाही तसंच दिलंस. आता घे, ही तुझी ओवाळणी परत!"

शेजारणींनी तोंडाला पदर लावले. बहिणीनं ओवाळणी परत केलेली त्या गावानं कधी पाहिली नव्हती. तिनं पाच कोंबड्या आणि कोंबडा डालग्यात घातला, तांबडीला लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं, आणि गावाच्या टोकाला कुंभारांचा एक पडका गोठा होता, तिथं जाऊन राहिली. तांबडीला तिनं तिथंच पुरलं.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. दोन दिवस सुतार रागावलेलाच होता. बहिणीवर, मुंगसावर, शहरात गेलेल्या मुलावर. तिसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं फडकं घेऊन तो खांब पुसू लागला, आणि पुसता पुसता त्या खिळ्याचं भोक शोधू लागला. भोक सापडेना. लाख आणि लाकडाचा भुसा भरून त्यानं ते इतकं सफाईनं बुजवलं होतं, की त्याचं त्यालाच दिसत नव्हतं. मुलाच्या हातावर काय लावलं होतं, ते मात्र त्याला आठवेना. काही लावलंच नव्हतं.

तेव्हा पहिल्यांदा त्याला स्वतःचा राग आला. त्यानं फडकं खाली टाकलं. मग त्यानं करवत आणली.

चार दिवसांत खेळघर उतरलं आणि खुराडं उभं राहिलं. गजांमध्ये बोट जाणार नाही अशा पट्ट्या, दाराला बाहेरून जाड अडसर, अंड्यांवर बसणारीला वेगळा कप्पा. बैलगाडीत घालून त्यानं ते गोठ्यापाशी नेलं. बहिणीनं फटींत बोट घालून पाहिलं, अडसर हिसडून पाहिला.

"चांगलं झालंय, दादा. इथं ठेव, उतारावर. आणि पाय हातभर मातीत पुरू, म्हणजे कोल्ह्याला उलथता यायचं नाही."

उतारावरून पावसाचं पाणी थेट तिथंच यायचं. मातीत पुरलेले पाय तीन पावसाळ्यांत सडतील, हे सुताराला दिसत होतं. शब्द अगदी ओठांवर आले. त्यानं ते गिळले, पहार उचलली आणि चार खड्डे स्वतः खणले.

माती दाबून झाल्यावर तो म्हणाला, "आता घरी चल."

"खुराडं घेतलं, कारण कोंबड्यांना हवंय," ती म्हणाली. "तुझ्या घरात मी येणार नाही."

दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या कोंबड्या वीसच्या वर गेल्या. भाऊ दारावरून गेला तर ती त्याला पाणी द्यायची, घोंगडीवर बसवायची. पण परत राहायला आली नाही. शहरातून मुलगाही आला नाही. सुतार रोज एकटाच ताट वाढून घ्यायचा, आणि त्या घरात "माझं" म्हणून ऐकवायला समोर कोणी नसायचं.

द्यायचं तर हात सोडून द्यावं. हातचं राखून दिलेलं घेणाऱ्याचं होत नाही, आणि देणाऱ्याजवळ माणूस उरत नाही.