पाहुण्यांसाठी लावलेली कनात

एका गावात एक मिशनची शाळा होती आणि त्या शाळेला शांतवन नावाचे मास्तर होते. गावाचं नाव खडकमाळ. नावाप्रमाणेच गाव: खाली खडक, वर माळ आणि मधल्या मातीत जे उगवेल ते. शाळेच्याच आवारात मिशनचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, औषधांचं एक कपाट आणि दीनाबाई नर्स. डॉक्टर अधूनमधून यायचे, तेही रस्ता बरा असला तर.

मास्तर मनाने फार चांगले. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्यांचा राग येणार आहे. ज्या वस्त्यांवरच्या पोरांनी शाळेची पायरी पाहिली नव्हती, तिथे मास्तर सायकल घेऊन जायचे, आईबापांची समजूत घालायचे आणि पोरांना पुढे-मागे बसवून घेऊन यायचे. आधी त्यांची नखं कापायचे, डोकी धुवायचे, मग हातात पाटी द्यायचे. गावात अंगठ्याऐवजी सही करणारा जो कोणी भेटेल, तो मास्तरांच्याच हाताखालून गेलेला असायचा.

एकच खोड होती. लोक काय म्हणतील याची मास्तरांना भारी धास्ती. घरी पाहुणा येणार म्हटलं की फाटकी गोधडी पेटीत जायची आणि कोरी चादर खाटेवर यायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं ते बायकोला सांगत. गोधडीपुरतं ते खरंही होतं.

एके वर्षी मिशनकडून निरोप आला की डॉक्टर अमोलिक गावातलं काम पाहायला येणार आहेत. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. जिथलं काम नीट नाही तिथल्या शाळा आणि दवाखाने मिशन बंद करणार, अशी कुणकुण त्यांच्या कानावर होतीच. शाळा बंद पडली तर वस्त्यांवरची पोरं पुन्हा शेरडांमागे जाणार, हे त्यांना दिसत होतं. त्या काळजीत खोट काहीच नव्हती. पण काळजीवर त्यांनी जो उपाय काढला, तो त्यांच्या खोडीतून निघाला.

मग काय विचारता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं झालं. साहेब यायला अवकाश होता तोवरच भिंतींना चुना लागला. मुलांकडून स्वागतगीत इतकं घोटून घेतलं की गावातल्या म्हाताऱ्याही दळताना तेच गुणगुणू लागल्या. तालुक्याहून मांडव आला, पताका आल्या, झेंडूचे हार आले. सकाळी सडा घालून रांगोळी काढली. मास्तर आवारात उभे राहिले, चौफेर नजर टाकली आणि खूश झाले. तेवढ्यात त्यांची नजर दवाखान्याच्या ओट्याकडे गेली.

ओट्यावर रोगी बसले होते. रोजच बसायचे. कोणी खोकत होतं, कोणाच्या पायाला चिंधी बांधलेली, कोणी पोटाशी पोर धरून बसलेलं. आज पाहुणे येणार हे त्यांना कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी दुखणं कुठे थांबतं?

मास्तरांच्या मनात विचार आला, साहेबांना हे दिसलं तर ते म्हणतील, इतकी वर्षं दवाखाना चालवलात आणि तरी एवढे आजारी? तुमचं काम झालं तरी काय? त्यांनी मांडववाल्याला हाक मारली आणि मांडवाच्या कडेने लावतात ती जाड रंगीत कापडाची कनात दवाखान्यासमोर बांधून घेतली. मग रोग्यांना म्हणाले, "जरा मागच्या बाजूला बसा. पाहुणे गेले की दीनाबाई तुम्हाला बघतील."

रोगी उठले आणि मागे जाऊन बसले. मास्तरांनी सांगितलं म्हणजे चांगलंच सांगितलं असणार, एवढा त्यांचा मास्तरांवर भरवसा होता.

त्या रोग्यांत हौसा नावाची एक बाई होती. टेकडीपलीकडच्या वस्तीवर राहायची, खडी फोडायची. तिच्या कडेवर तिची मुलगी साळू होती. साळूला गोवर येऊन गेला होता. गोवर ओसरला, पण डोळे उघडेनात. उजेडाकडे तोंड केलं की ती आईच्या पदरात डोकं खुपसायची. दीनाबाईंनी हलक्या हाताने तिच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या तशाच मास्तरांकडे आल्या.

"मास्तर, पोरीचा उजवा डोळा गेलाय. डावा जाण्याच्या वाटेवर आहे. आपल्या कपाटात यावरचं औषध नाही."

"अरेरे," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं.

"येणारे साहेब डॉक्टर आहेत ना? आल्या आल्या त्यांना दाखवू या."

मास्तर एकदम गडबडले. "दीनाबाई, ते आता मिशनच्या समितीचे साहेब आहेत. दारात पाय ठेवताच पाहुण्याला कामाला जुंपायचं का? बरं दिसेल का ते? उद्या पहिल्या एसटीने मी स्वतः पोरीला मोठ्या दवाखान्यात नेतो."

"उद्यापर्यंत डोळा थांबेल का, मास्तर?"

"एका दिवसाने काय होतंय?" मास्तर म्हणाले आणि हार नीट टांगलेत का ते बघायला गेले.

थोड्या वेळात जीप आली. डॉक्टर अमोलिक उतरले. साधा सदरा, धुळीने भरलेल्या चपला, हातात एक जुनी चामड्याची बॅग. मास्तरांनी पुढे होऊन ती बॅग मोठ्या आदराने काढून घेतली आणि ऑफिसातल्या कपाटावर ठेवून दिली. मोकळ्या झालेल्या हातात मुलांनी गुच्छ दिला. लेझीम झालं, स्वागतगीत झालं, प्रार्थना झाली. मग मास्तर भाषणाला उभे राहिले. शाळा कशी सुरू झाली, पोरं कशी शिकली, गाव कसं सुधारलं, हे त्यांनी छान सांगितलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

भाषण चालू असतानाच कनातीमागून रडणं ऐकू आलं. हट्टाचं रडणं नव्हे. बारीक, दमलेलं, मध्येच थांबणारं आणि पुन्हा सुरू होणारं. डॉक्टरांनी मान वळवली.

"मास्तर, कोण रडतंय?"

आपल्याला काय उत्तर द्यायचं आहे हे मास्तरांना ठाऊक होतं, आणि खरं काय आहे हेही ठाऊक होतं. ते हसले.

"काही नाही साहेब. लहान मूल आहे. भूक लागली असेल."

"आजारी नाही ना?"

"छे, छे. देवाच्या कृपेने गावात सगळं ठीक आहे."

देवाचं नाव मध्ये घ्यायची खरं तर काही गरज नव्हती. पण माणूस खोटं बोलू लागला की त्याला साक्षीदार लागतो, आणि तो मोठ्यातला मोठा शोधतो.

दीनाबाई चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. चारचौघांत मास्तरांना खोटं कसं पाडायचं, या संकोचाने त्यांचीही जीभ उचलली नाही. चहा वाटून त्या मागे गेल्या आणि साळूच्या डोळ्यांवर ओली पट्टी ठेवत बसल्या. दुपार कलली तशी साळू रडायची थांबली.

जेवणं झाली. दवाखान्यापुढे कोणी दिसत नव्हतं, तेव्हा तिकडे जायचं राहूनच गेलं. निघताना डॉक्टर बोलायला उभे राहिले.

"मला फार समाधान वाटलं," ते म्हणाले. "येताना वाटलं होतं, इथे रोग्यांची रांग असेल. म्हणून बॅगसुद्धा भरून आणली होती. मिशनला एक तरुण डॉक्टरीणबाई मिळाल्या आहेत. कायम एका गावात राहायला त्या तयार आहेत. त्यांना खडकमाळला द्यावं असं माझ्या मनात होतं. पण तुम्ही सुखी आहात. तिकडे आंबेदऱ्याचे लोक कधीपासून डॉक्टर मागताहेत. बाईंना मी तिकडेच पाठवतो. तुमची शाळा मात्र अशीच चालू राहू दे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीही वाजवल्या.

अजूनही वेळ गेलेली नव्हती. "साहेब, जरा मागे चला," एवढंच म्हणायचं होतं. हात लावला असता तर कनात बाजूला झाली असती. मास्तरांनी तोंड उघडलंसुद्धा. पण समोर सगळं गाव बसलं होतं. खोटं बोलू नये म्हणून ज्या पोरांच्या हातावर त्यांनी छड्या मारल्या होत्या, ती पोरंही बसली होती. त्यांच्यासमोर कसं म्हणायचं की मघाशी मी खोटं बोललो? मास्तरांनी तोंड मिटलं. ऑफिसात जाऊन कपाटावरची बॅग आणली आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांना परत दिली. जीप धुरळा उडवत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शब्द पाळला. बैल गेला अन् झोपा केला, त्यातली गत. पहिल्या एसटीने हौसाला आणि साळूला घेऊन ते मिशनच्या मोठ्या दवाखान्यात पोचले. तपासणीच्या खोलीत डॉक्टर अमोलिकच बसले होते. मास्तरांना पाहून ते हसले. मग त्यांनी साळूला जवळ घेतलं, तिच्या डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला, आणि त्यांचं हसू गेलं.

"दोन्ही गेले," ते म्हणाले. "डावा अगदी आत्ता गेलाय. काल हिला काही दिसत होतं का?"

"दिसत व्हतं की, साहेब," हौसा म्हणाली. "काल सकाळच्याला माजी बांगडी धरून खेळत व्हती. दुपारच्याला लई रडली. मंग गप झाली. मला वाटलं, बरं वाटलं आसंल."

"काल सकाळी औषध मिळालं असतं तर..." डॉक्टर म्हणाले आणि थांबले. "काल कुठे होतात तुम्ही?"

"तितंच व्हतो की, साहेब, तुमी आला व्हता तितं. कापडाच्या पल्याड. मास्तर म्हनले, पाव्हनं जाऊ द्या."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती आपली विचारलेलं सांगत होती. डॉक्टरांनी बॅटरी विझवून टेबलावर ठेवली. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. मास्तरांकडे बघून एवढंच म्हणाले, "मास्तर, मी विचारलं होतं."

कोणी कानफटात मारली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई आंबेदऱ्याला गेल्या. तिकडे निरोप आदल्या संध्याकाळीच गेला होता, दिलेला शब्द डॉक्टरांना फिरवता येईना, आणि तिथल्या दारातही रोगी होतेच. खडकमाळची शाळा चालू राहिली. दवाखाना मात्र पूर्वीसारखाच राहिला, दोन खोल्या, एक कपाट आणि दीनाबाई. पुढे कित्येक दुखणी त्या कपाटापुढे हरली. दर वेळी मास्तर हिशेब करत की इथे डॉक्टरीणबाई असत्या तर हे वाचलं असतं. ते कोणाला बोलून दाखवत नसत.

साळू शाळेच्या वयाची झाली तशी तिला मात्र ते रोज स्वतः वस्तीवरून शाळेत आणू लागले. तिला पाढे शिकवले, भक्तिगीतं शिकवली. पोर हुशार होती, एकदा ऐकलेलं विसरत नसे. पण मास्तर तिच्यासमोर बसून शिकवू लागले की मध्येच थांबायचे. ती म्हणायची, "मास्तर, पुढं सांगा ना."

एकदा मास्तरांना राहवलं नाही. मन घट्ट करून ते हौसाच्या झोपडीपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हौसाबाई, त्या दिवशी माझं चुकलं. साहेबांनी विचारलं होतं, आणि मी खोटं बोललो. खरं बोललो असतो तर साळूचा एक डोळा राहिला असता."

हौसाने हातातला हातोडा खाली ठेवला. मग तिने पदराने हात पुसले आणि त्यांना बसायला पोतं टाकलं.

"आसं मनाला लावून घेऊ नका, मास्तर," ती म्हणाली. "दारात आलेल्या पाव्हन्याला तरास कसा द्यायचा? तुमी केलं ते रीतीलाच धरून केलं."

तिने रागाने दोन शब्द सुनावले असते, तर मास्तरांनी ते जपून ठेवले असते. पण ती तर त्यांचीच समजूत घालत होती. मास्तर पोत्यावर टेकले आणि लहान मुलासारखे रडले. आत साळू पाढे म्हणत होती. रडण्याचा आवाज ऐकून ती थांबली आणि तिने आईला विचारलं, "आये, कोन रडतंय?"

तात्पर्य: चांगलं दिसावं म्हणून दारातलं दुःख झाकलं, तर ते दूर करायला आलेला माणूस हात न लावताच निघून जातो; मग क्षमा मिळाली तरी गेलेलं परत मिळत नाही.