सोनेरी तोटी

वसईकडच्या एका गावात बस्त्याव नावाचा केळीचा बागायतदार राहत असे. त्याच्या लेकीचा साखरपुडा ठरला. त्या घरची रीत अशी, की यजमानाने पहिला ग्लास आपल्या हाताने भरून व्याह्याला द्यायचा. मगच पानं वाढायची. बस्त्यावच्या मनात आलं, बाटल्या कशाला? बिअरचं पिंपच आणू आणि त्याला झकास तोटी बसवू.

दुकानात दोन तऱ्हेच्या तोट्या होत्या. एक साधी स्टीलची, दुसरी सोनेरी मुलाम्याची, उंच दांड्याची.

दुकानदार म्हणाला, "काका, ही सोनेरी मागच्या बाजूला बंद होते. पुढच्या नळीत बिअर राहते, ती वारा लागून वाळते, मग दांडा चिकटतो. रोज वापरणार असाल तर ठीक. स्टीलची मात्र अगदी तोंडाशी बंद होते. आत वारा जात नाही, म्हणून चिकटत नाही."

"अरे, पण दिसते कशी! राजवाड्यातल्या नळासारखी. व्याही काय म्हणतील?"

त्याने सोनेरीच घेतली. घरी आणून एका पिंपावर चालवून पाहिली. शेजारीपाजारी पिऊन गेले, वाखाणून गेले. पुढे बस्त्याव रोज तिला फडक्याने पुसायचा, पण बाहेरून. आतून धुवायचं काही त्याला सुचलं नाही.

साखरपुड्याच्या दिवशी नवं पिंप आलं. मंडळी अंगणात बसली. बस्त्यावने ग्लास धरला, दांडा ओढला. दांडा हलेना. पुन्हा ओढला. छे! त्याने दोन्ही हात घातले, तशी बायको मार्था कानाशी आली.

"अहो, जोर नका लावू. मोडली तर सगळी बिअर व्याह्यांच्या अंगावर."

"मग सांगतो, बिअर खराब निघाली म्हणून."

"आणि सोयरीक खोट्यावर सुरू करायची?"

बस्त्यावने दाराकडे पाहिलं. लेक दारातून बघत होती. त्याने रिकामा ग्लास खाली ठेवला आणि व्याह्यांपुढे जाऊन उभा राहिला. "इनासभाऊ, दुकानदार नको म्हणत होता. दिसायला छान म्हणून मी हीच घेतली. आता चिकटून बसली आहे. तुमचा ग्लास अडला, माफी असावी."

इनास मांडीवर थाप मारून हसला. "अहो, माझ्या घरी हिचीच बहीण आहे! नाताळात पाहुण्यांसमोर अशीच रुसली होती. वहिनी, कढत पाण्यात फडकं भिजवून आणा बघू."

गरम फडकं तोटीभोवती गुंडाळलं. थोडं थांबले, पुन्हा गुंडाळलं. मग इनासने दांडा हलकेच पुढे घेतला. आधी नुसता फेस आला, मागून बिअर. बस्त्यावने पहिला ग्लास भरून व्याह्याच्या हातात दिला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"आता पानं वाढा," इनास म्हणाला, "भूक लागली."

तात्पर्य: वस्तू दिखाव्यासाठी नव्हे, कामासाठी निवडावी, आणि निवड चुकलीच, तर ती झाकू नये, मोकळेपणाने सांगावी, म्हणजे मदत करणाऱ्याला वाट मिळते.